पाहुणा तारा आणि अंबरनाथचे मौन

हिवाळ्यातील एका अमावास्येच्या रात्री आम्ही वांगणीच्या माळावर सतरंज्या अंथरून बसलो होतो. मुंबईच्या खगोल मंडळासारख्या हौशी संस्थांनी बदलापूरच्या पुढचे हे छोटे स्थानक आकाशनिरीक्षकांच्या चांगले परिचयाचे करून ठेवले आहे. उल्हासनगरच्या बाजारांचा झगमगाट, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीचे दिवे आणि बदलापुरात गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींच्या रांगा यांनी काळोखाला मागे रेटीत रेटीत इथवर आणून सोडले आहे. दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने रोहिणीच्या पुढची वृषभाची दोन शिंगे दाखविली आणि दक्षिणेकडील शिंगाच्या टोकापाशी दिसणाऱ्या एका पुसट ठिपक्याची ओळख करून दिली. हा खेकडा तेजोमेघ. इ.स. १०५४ साली एक तारा फुटताना लोकांनी पाहिला, त्याचे हे अवशेष.

रांगेतील एका मुलाने विचारले, “काका, तेव्हा आपलं अंबरनाथचं देऊळ होतं का? आणि देवळातल्या लोकांना तो तारा दिसला का?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले. दुसऱ्याचे आले नाही. घरी परतल्यावर पुस्तके उघडली, जाणकारांना विचारले आणि त्या साध्या प्रश्नाने आम्हांला अंबरनाथहून ठाण्याला, ठाण्याहून कॉन्स्टँटिनोपलला आणि शेवटी विजयदुर्गाच्या तटापर्यंत हिंडवून आणले. त्या भ्रमंतीचा हा वृत्तान्त.

अंबरनाथच्या शिवालयाचा काळ ठरतो तो त्याच्या दाराच्या तुळईवरील शिलालेखावरून. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांपैकी मुम्मुणी ऊर्फ मांवाणी राजाच्या कारकिर्दीतील हा लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. देवळाची उभारणी त्याचा थोरला बंधू छित्तराज याने आरंभिली असे मानतात. हा लेख वाचण्याचाही एक इतिहास आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम वाचला तेव्हा शतकाचा आकडा त्यांनी सात असा लावला आणि देऊळ शके ७८२ चे ठरले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखाचा नवा ठसा घेऊन तो आकडा नऊ असल्याचे दाखविले. एका झिजलेल्या आकड्यापायी देऊळ दोनशे वर्षे मागे गेले होते. भाऊ दाजींसारख्या विद्वानाचीही अशी चूक व्हावी आणि दुसऱ्या विद्वानाने ती शांतपणे दुरुस्त करावी, यात उणेपणा कोणालाच नाही. दुरुस्तीची ही रीत वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

तेव्हा १०५४ साली गादीवर मुम्मुणीच होता. लेख कोरला जाण्यास अजून सहा वर्षांचा अवधी होता. वालधुनीच्या काठी पाथरवटांच्या छिन्न्या चालू असाव्यात असे समजण्यास हरकत नाही. देऊळ होते, निदान होऊ घातले होते.

आता त्या ताऱ्याविषयी. चीनच्या दरबारी ज्योतिषांनी ४ जुलै १०५४ रोजी पहाटे पूर्वेकडे एक ‘पाहुणा तारा’ उगवल्याची नोंद केली. नेहमीच्या ताऱ्यांत अचानक येऊन काही काळ मुक्काम करणाऱ्या ताऱ्याला ते हाच शब्द वापरीत, आणि आम्हांला तो फार गोड वाटतो. तेवीस दिवस हा पाहुणा शुक्रासारखा भर दिवसा दिसत होता. पुढे दिवसाचे दर्शन थांबले, तरी रात्री तो नुसत्या डोळ्यांना एप्रिल १०५६ पर्यंत, म्हणजे एकवीस महिने दिसत राहिला. जपानी नोंदींतही त्याचा उल्लेख आहे. वस्तुतः तारा फुटला त्याच्या कितीतरी आधी. तेथून प्रकाशाला पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे साडेसहा हजार वर्षे लागतात. १०५४ साली आली ती केवळ वर्दी. इंग्लंडमधील जॉन बेव्हिस या हौशी निरीक्षकाने १७३१ मध्ये दुर्बिणीतून त्या जागी एक धुरकट डाग पाहिला. तो डाग आणि चिनी ज्योतिषांचा पाहुणा एकच, हे समजायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

अंबरनाथच्या दृष्टीने यात आणखी एक योग आहे. हा तारा ज्या अक्षांशावरून आकाश ओलांडीत होता तो अंबरनाथच्या अक्षांशाच्या फार जवळचा; म्हणजे दररोज एकदा तो जवळजवळ थेट डोक्यावर येत असे. आणि अंबरनाथचा गाभारा तर जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जाण्याचा व वरून आभाळाला उघडा आहे, कारण शिखर अपुरेच राहिले आहे. या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की मनाला लगेच पंख फुटतात. ताऱ्याच्या स्वागतासाठीच छत मोकळे ठेवले, ‘अंबर’ म्हणजे आकाश, त्याचा नाथ तो अंबरनाथ, अशी सुरेख कथा अर्ध्या तासात रचता येईल. आम्ही ती रचली नाही. शिलालेखात देवाचे नाव ‘आम्रनाथ’ असे आहे. आकाशाचा अर्थ मागाहून चिकटला. अपुऱ्या शिखराला ताऱ्याशी जोडणारा शब्दभरही पुरावा नाही.

मग शिलाहारांचे लोक आकाशाकडे पाहतच नव्हते काय? पाहत होते, आणि लिहूनही ठेवीत होते. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी पाया खणताना काही ताम्रपट सापडले. त्यांचे भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात छापले गेले. हा छित्तराजाचा चुलता अरिकेसरी याचा दानलेख आहे. शके ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिकी पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेला लागलेले चंद्रग्रहण, असा काळाचा नेमका उल्लेख त्यात आहे. आजच्या कालगणनेने ती तारीख ६ नोव्हेंबर १०१७ अशी येते. ग्रहणकाळी दिलेल्या दानाचे पुण्य अधिक, अशी श्रद्धा असल्यामुळे राजे मुद्दाम ग्रहणाचा मुहूर्त साधून गावे व जमिनी देत. त्यासाठी ग्रहण आधी ठाऊक हवे. ठाऊक व्हायचे तर गणित हवे. आणि दान टिकायचे तर तिथी तांब्यावर कोरलेली हवी. श्रद्धेच्या पोटी का होईना, एक बिनचूक नोंद तयार झाली.

या नोंदी इतिहासकाराच्या किती उपयोगी पडल्या हे सांगताना शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. दापोलीजवळच्या मुरूडचे हे गृहस्थ व्यवसायाने शिक्षक. शाळा सांभाळून त्यांनी ज्योतिषगणिताचा जो अभ्यास केला त्यातून मराठीत ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध झाला, आणि १८९६ मध्ये रॉबर्ट स्यूएल यांच्यासह ‘द इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथही निघाला. या दुसऱ्या ग्रंथाला डॉ. रॉबर्ट श्राम यांनी तयार केलेली, भारतात दिसलेल्या ग्रहणांची कोष्टके जोडलेली आहेत. ताम्रपटात ग्रहण असेल तर कोष्टकाशी ताडून पाहावे. जुळले तर शक निश्चित, न जुळले तर ताम्रपट बनावट अथवा वाचन चुकीचे. राहू-केतूंच्या भीतीतून निघालेली नोंद अशी शेकडो वर्षांनी इतिहासाच्या भिंतीत खिळ्यासारखी घट्ट बसली. दीक्षित १८९८ साली, पंचेचाळिशीच्या आतच, निवर्तले. आमच्या पिढीने त्यांचा ग्रंथ किती उघडला, हा प्रश्न येथे विचारीत नाही.

असो. छायेत गेलेला चंद्र जे लिहून ठेवीत, त्यांनी दिवसाढवळ्या तळपणारा तारा का टिपला नाही? सुचणारे पहिले उत्तर पावसाचे आहे. जुलै महिना! कोकणात तेव्हा सूर्य दिसण्याची मारामार, तेथे तारा कोठला? ज्यांनी बदलापूरचा आषाढ-श्रावण अनुभवला आहे त्यांना हे उत्तर एकदम पटेल, आम्हांलाही पटले. परंतु ते तेवीस दिवसांपुरतेच खरे. त्यानंतरचे दोन हिवाळे आणि एक उन्हाळा आकाश निरभ्र असणार; पाहुणा तेजाने उतरणीस लागला होता, तरी वृषभाच्या शिंगापाशी उभाच होता. शेतावर राखणीला निजणाऱ्याला, नावाड्याला, देवळाच्या ओट्यावर पाठ टेकणाऱ्या पाथरवटाला तो दिसला नसेल हे संभवत नाही.

ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी डॉ. सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय साहित्यात अशा ताऱ्यांच्या नोंदींचा पद्धतशीर शोध घेतला व त्याचा वृत्तान्त २००१ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. निर्विवाद म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही. हे खरे तर आश्चर्य आहे, कारण तो काळ ज्योतिषाच्या उपेक्षेचा नव्हता. माळव्यात भोजराजाच्या नावावर १०४२ मधील ‘राजमृगांक’ हा गणितग्रंथ आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त धूमकेतूंवर स्वतंत्र अध्याय आहे. आमचा तर्क असा की, गणिताने आधी सांगता येणारे आणि धर्मकार्यात उपयोगी पडणारे आकाश आमच्या पूर्वजांनी लिहिले. जे गणितात बसत नव्हते आणि ज्याने दानाला मुहूर्त मिळत नव्हता, ते बोलण्यात राहिले आणि बोलण्याबरोबर विरले. चीनमध्ये याच्या उलट, आकाशातील प्रत्येक अनपेक्षित गोष्ट सम्राटाला कळविणे हे पगारी नोकरांचे काम होते. कुतूहल दोन्हीकडे असेल. दप्तर एकीकडेच होते. हा आमचा तर्क आहे, निर्णय नव्हे. कुठल्या मठात वा वाड्यात अजून एखादे बाड दडले असेल आणि उद्या ते आम्हांला खोटे पाडील, तर आनंदच आहे.

मात्र या मौनाबद्दल आम्ही ख्रिस्ती वाचकांनी इतरांकडे बोट दाखवू नये. ज्या जुलैत तारा दिवसा तळपत होता, त्याच महिन्याच्या १६ तारखेला, शनिवारी, पोपचे दूत कार्डिनल हंबर्ट यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया महामंदिरात वेदीवर बहिष्काराचा लेख ठेवला. रोमची आणि पूर्वेची ख्रिस्तसभा यांच्यातील दुभंगाची खूण म्हणून इतिहास त्या दिवसाकडे पाहतो. वादाच्या अनेक मुद्द्यांपैकी एक होता मिस्साबलिदानातील भाकरीचा: ती बेखमीर असावी की खमीर घातलेली. चीनमधील नोंद धरून चालले तर त्या दिवशी तारा दिवसा दिसू लागून बारा दिवस झाले होते. युरोपातील मठांतून त्या काळी वर्षवार बखरी लिहिणाऱ्या संन्याशांची वाण नव्हती. तरीही सर्वमान्य होईल अशी नोंद तेथेही नाही.

नोंद आहे ती भलत्याच माणसाची. बगदादचा वैद्य इब्न बुतलान हा पूर्वेकडील नेस्टोरियन ख्रिस्ती. तो त्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला होता आणि भाकरीच्या वादावर तेथील कुलगुरू मायकेल यांच्यासाठी त्याने एक प्रबंधही लिहिला. याच वैद्याने हिजरी ४४६ साली मिथुन राशीत एक तारा प्रकटला आणि त्या वर्षी शहरात साथ पसरली, असे लिहून ठेवले. दफनभूमी अपुऱ्या पडल्या तेव्हा लूकच्या मंदिरात चौदा हजार माणसे पुरली गेली, असे तो सांगतो. तेराव्या शतकात इब्न अबी उसैबिया याने वैद्यांच्या चरित्रग्रंथात हा मजकूर उतरवून घेतला. १९७८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून काही संशोधकांनी तो खेकडा तेजोमेघाशी जोडला. ताऱ्यामुळे साथ आली हा त्याचा समज अर्थातच चुकीचा. पण ज्या चुकीच्या समजुतीपोटी साल आणि रास लिहिली गेली, तिचे आम्ही आभार मानतो. पुन्हा तीच गोष्ट: अरिकेसरीच्या लेखकाला पुण्य हवे होते, इब्न बुतलानला साथीचे कारण हवे होते, आकाशाची नोंद या दोघांच्या गरजेच्या पाठीवर बसून आपल्यापर्यंत आली.

ताऱ्याचे पुढे काय झाले? त्याचा गाभा आकसून एक लहानसा, सेकंदाला तीसवेळा गरगरणारा गोळा राहिला. १९६८ साली त्याची स्पंदने पकडली गेली. बाहेर फेकले गेलेले द्रव्य निवू लागले आणि त्यातून धूळ जमली. युरोपच्या ‘हर्शेल’ या अवकाश दुर्बिणीने गेल्या दशकाच्या आरंभी या तेजोमेघात थंड धुळीचा मोठा साठा शोधून काढला. ही धूळ म्हणजे प्रामुख्याने कार्बनचे आणि वाळूच्या जातीच्या खनिजांचे अतिसूक्ष्म कण. अशाच धुळीतून पुढे नवे तारे व ग्रह घडतात. आपल्या पृथ्वीवरही अवकाशातील धूळ सतत पडत असते. वर्षाकाठी सुमारे पाच हजार टन सूक्ष्म उल्काकण जमिनीपर्यंत पोहोचतात, असा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. ती धूळ धूमकेतू आणि लघुग्रहांची, त्या ताऱ्याची नव्हे, हे मात्र स्पष्ट करायला हवे.

नॉर्वेतील जॉन लार्सन हे जॅझ गिटारवादक. शहरातल्या छपरांवरच्या कचऱ्यातून अवकाशातले कण वेचता येतील असे त्यांनी मनावर घेतले. जाणकारांनी अशक्य म्हणून सांगितले होते. पण २०१७ मध्ये मॅथ्यू गेंज या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी पाचशे कणांचा पुरावा मांडला. हे वाचून आम्हीही स्फुरण पावलो. पावसाळ्याच्या अखेरीस अंबरनाथमधील एका इमारतीच्या गच्चीवरील पन्हळीतला गाळ धुऊन त्यातून लोहचुंबक फिरविला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काळे, चकचकीत, मोत्यासारखे वाटोळे गोळे शेकड्यांनी! क्षणभर वाटले, आकाश हाती आले. मग ध्यानात आले की जेथे लोखंडाची जोडकामे आणि कातकामे बारा महिने चालतात व रेल्वेचे ब्रेक घासत असतात, तेथे असे गोळे ठिणग्यांतूनही पडतात. आमच्या बाटलीत अवकाशातला एकही कण आहे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. बाटलीवर ‘गच्ची, अंबरनाथ, ऑक्टोबर’ अशी चिठ्ठी लावून ती ठेवून दिली आहे.

इतका संयम कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर विजयदुर्गावर आहे. तेथील तटावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला, अशी कथा सांगितली जाते; त्या दिवशी तेथे हेलियम दिनही साजरा होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सर जॉन हर्शेल यांचे चिरंजीव लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीच्या मराठी संस्थानात दुर्बीण लावून बसले होते. लॉकियर मात्र इंग्लंडातच होते. त्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहणाविनाच, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट मिळविला आणि त्यातील पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमची कल्पना उदयास आली. ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांनी त्यांना निरीक्षणात मदत केली. ओटे त्या मोहिमेचे.

आम्हांला खेद वाटतो तो असा की, खोट्या कथेने खरी कथा झाकून टाकली. १८९८ चे ग्रहण हे महाराष्ट्राचे ग्रहण होते. छायेचा पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढून सोलापूर जिल्ह्यातून ईशान्येकडे गेला. जेऊर स्थानकाजवळ पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी आपला तळ दिला होता. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेलही जेऊरलाच होते. तिकडे बिहारात डुमराव येथे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय धर्मगुरूंनी वेध घेतले व फादर दे कँपिन्यूल यांनी त्यांचा अहवाल १८९९ मध्ये छापला. एका हिंदी प्राध्यापकाने स्वतः उभारलेल्या वेधशाळेच्या बळावर जगातील नामांकितांच्या शेजारी बसून काम केले, ही गोष्ट कोकणातील किती शाळांतून सांगितली जाते? साहेबाच्या पदरी न केलेला शोध घालण्यात आम्ही नायगमवालांना विसरलो. अंबरनाथच्या शिलालेखावरचा आकडा दुरुस्त झाला, तसा विजयदुर्गाचाही व्हावा. १८६८ पुसून १८९८ लिहिले तर किल्ल्याचा मान तिळभरही कमी होत नाही.

वांगणीच्या त्या मुलाला आम्ही पुढच्या खेपेस एवढेच सांगू शकलो की, देऊळ बहुधा बांधले जात होते, तारा बहुधा दिसला होता, आणि कोणी लिहून ठेवल्याचे अद्याप सापडलेले नाही. त्याला हे उत्तर फारसे आवडले नाही. “मग मीच लिहितो,” म्हणून त्याने वही मागून घेतली. दिनांक, वेळ, ठिकाण वांगणी, आकाश स्वच्छ, पश्चिमेकडे बदलापूरचा उजेड. दुर्बिणीतून पाहिले असता कापसाच्या बोळ्यासारखे काही दिसले, रंग दिसला नाही. खाली त्याने सही केली आणि शेजारी उभे होतो म्हणून साक्षीदार या नात्याने आमचीही घेतली.